सिंधीपुऱ्याची चार नावे

आमच्या अण्णांच्या एका जुन्या वहीत, मालकंसाच्या दोन चिजा आणि वाण्याच्या उधारीचा हिशेब यांच्यामध्ये एक ओळ लिहिलेली आहे : ‘घौस – लष्कर – ईसा – बुरहान. सिंधीपुरा, बऱ्हाणपूर.’ खाली तारीख नाही, खुलासा नाही. ही ओळ मी लहानपणापासून वाचत आलो आणि लहानपणापासूनच चुकीची वाचत आलो. ती चूक कशी उघडकीस आली आणि ती निस्तरण्यासाठी दोन दिवस बऱ्हाणपुरास कसे जावे लागले, त्याची ही हकीकत.

अण्णा म्हणजे माझे वडील. ग्वाल्हेर दरबारचे गवई. पण अगदी शेवटच्या तुकडीतले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांचे वय बावीस, आणि दरबारची चाकरी जेमतेम चार वर्षे झालेली. पुढची सारी हयात शिकवण्यांवर गेली. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांची पन्नाशी उलटल्यावर झालेले. त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यात आणि ट्रंकेतल्या जरीकाठी पगडीत. दर गुरुवारी संध्याकाळी ते सायकलीवर टांग टाकून हजीऱ्याकडे जात. तानसेनाच्या कबरीपुढे हात जोडीत, शेजारच्या मोठ्या मकबऱ्यात महंमद घौसांपुढे हात जोडीत, आणि मग दक्षिणेकडे तोंड करून तिसऱ्यांदा हात जोडीत. “हा तिसरा कोणाला, अण्णा?” असे मी एकदा विचारले. “तिकडच्यांना,” एवढेच म्हणाले. सायकलीच्या दांड्यावर बसलेल्या पोराला एवढे उत्तर पुरले.

आता ती ओळ. ‘घौस – लष्कर’ हे मी सरळ पत्त्यासारखे वाचले : घौससाहेब, मुक्काम लष्कर. ग्वाल्हेरच्या वाचकाला इथेच हसू येईल. लष्कर वसले ते दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस कायम झाली तेव्हा. महंमद घौस १५६३ साली वारले, आणि त्यांचा मकबरा लष्करात नव्हे, जुन्या ग्वाल्हेरीत. जन्मभर ज्या गावात राहिलो त्याचे एवढे साधे गणित मला सुचू नये! राहिले दोघे, ईसा आणि बुरहान. वही गवयाची, तेव्हा हे दोघे धृपदिये असणार असे मी ठरवून टाकले. आणि बुरहान म्हणजे ज्याच्यावरून बऱ्हाणपुराला नाव पडले तोच, हेही ठरवून टाकले. नुसते मनात ठरवले असते तर निभावले असते. मी ते विद्यार्थ्यांच्या टिपणांत उतरवले. बारा वर्षे माझ्या वर्गातली मुले ते पाठ करीत होती.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी परीक्षेला बसली. गळा चांगला, मेहनत उत्तम. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी ग्वाल्हेरच्या सांगीतिक परंपरेविषयी विचारले, तेव्हा तिने माझ्या टिपणातले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. परीक्षक हसले, आणि गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सर, ते हसले. पण हे वाक्य तुमचंच आहे.”

मी काही बोललो नाही. मग तिनेच विचारले, “आणि सर, सिंधीपुरा म्हणजे आमच्यातले का? आमचे आजोबा सत्तेचाळीस साली सिंधमधून आले. हे त्यांच्या आधीचे?”

मुलगी सिंधी. इतकी वर्षे ती माझ्याकडे शिकत होती आणि ‘सिंधीपुरा’ हा शब्द मी तिला पाठ करायला लावला होता. त्या शब्दात सिंध आहे हे मात्र तिने दाखवीपर्यंत माझ्या डोक्यात आले नव्हते.

मग वाचायला बसलो. उर्दू–फारसी जाणणाऱ्या एका स्नेह्याने हात दिला. जहांगिराच्या काळात मांडूच्या महंमद घौसी नावाच्या गृहस्थाने ‘गुलज़ार-ए-अबरार’ नावाचा संतचरित्रांचा मोठा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात बऱ्हाणपुरातल्या सिंधी मंडळींची चरित्रे आहेत. पुढे १९५७ साली राशिद बऱ्हाणपुरी यांनी ‘बुरहानपूर के सिंधी औलिया’ नावाचे उर्दू पुस्तक लिहिले, तेही सिंधी अदबी बोर्डाने प्रसिद्ध केले. म्हणजे माहिती कुठे गाडलेली नव्हती. मी ती शोधली नव्हती.

अण्णांची ओळ पत्ता नव्हती, ती गुरुपरंपरा होती. ग्वाल्हेरचे महंमद घौस हे शत्तारी पंथाचे. हुमायूनशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते. त्यामुळे शेरशहाची सत्ता आली तेव्हा त्यांना ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावे लागले आणि अकबराच्या काळात ते परतले. योगाभ्यासावरच्या ‘अमृतकुंड’ या ग्रंथाचा फारसी अवतार, ‘बहर-उल-हयात’, त्यांच्याच हातचा. आसनांचे आणि प्राणायामाचे त्यात सविस्तर वर्णन आहे. श्वासाचा एवढा विचार केलेल्या माणसाच्या पायाशी तानसेन का निजला आहे, हे गवयाला निराळे सांगावे लागत नाही. या घौसांचे शिष्य शेख लष्कर महंमद आरिफ. हाच तो आमचा ‘लष्कर’, गावाचे नाव नव्हे, माणसाचे! ते बऱ्हाणपुरात जाऊन राहिले. त्यांचे शिष्य शेख ईसा, सिंधी घराण्यातले, ‘मसीह-उल-औलिया’ म्हणून नावाजलेले, १६२२ साली वारले. आणि ईसांचे शिष्य शेख बुरहानुद्दीन, ‘राज-ए-इलाही’. चौघांत गवई एकही नाही.

ज्यांच्यावरून बऱ्हाणपुराला नाव पडले ते बुरहानुद्दीन निराळेच. ते बुरहानुद्दीन गरीब. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, देवगिरीकडे आले आणि १३३७ साली वारले. त्यांची कबर खुलताबादेस आहे. फारुकी सुलतान नसीरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीच्या उत्तर काठी शहर वसवले त्याला त्यांचे नाव दिले, आणि पैलतीरावरच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावावरून जैनाबाद म्हटले. दोन बुरहानांत तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर! त्यातली गंमत अशी की, गाण्याचा खरा नाद या पहिल्या बुरहानांना होता. समा ऐकताना ते आणि त्यांचे अनुयायी अशा काही ढंगाने नाचत की, त्या ढंगालाच ‘बुरहानी’ म्हणू लागले. मी गवई ठरवला तो दुसऱ्याला. म्हणजे चुकलो तेही उलटे.

एवढे कळल्यावर घरी बसून टिपण दुरुस्त करता आले असते. पण अण्णांना सिंधीपुऱ्यास जायचे होते, हे आईकडून मी ऐकले होते. एकेचाळीस रुपये त्यासाठी बाजूला ठेवले होते म्हणे. ते माझ्या मोठ्या बहिणीच्या आजारपणात गेले आणि पुन्हा साठले नाहीत. अण्णा जाऊन आता अठरा वर्षे झाली. मला पैशाची अडचण नव्हती, सवड नव्हती असेही नाही. नाताळच्या सुटीत, तानसेन समारोहाची धांदल संपल्यावर, गाडीत बसलो.

बऱ्हाणपूरचे स्टेशन शहरापासून दूर, लालबागेत आहे. गावात शिरताना मराठी माणसाला परके वाटत नाही. शनवारा, इतवारा, बुधवारा अशी वारांची नावे. पुण्याच्या पेठांची आठवण व्हावी. बाजारात हिंदी, उर्दू, मराठी, निमाडी आणि गुजराती एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. रावेर आणि भुसावळ हाकेच्या अंतरावर. राज्याची सीमा मधून गेली एवढेच. रस्त्याकडेला मांडे भाजण्याचे काम चालले होते. आपण मनातले मांडे म्हणतो ते इथे उलट्या कढईवर पसरतात आणि रुमालासारख्या घड्या घालून तोलून देतात. सकाळच्या फराळाला माव्याची जिलबी. काळपट, जाडजूड आणि अतिशय गोड. गाणाऱ्याने बेताने खावी.

पहिल्यांदा जामा मशिदीत गेलो, कारण वाटेतच आहे. फारुकी राजा अलीखान याने ती बांधविली. काळसर दगडाची, दोन उंच मिनारांची, घुमटावाचून सपाट छपराची. आत कमानींमागे कमानी अशा उभ्या की, एखाद्या मोठ्या आलापासारखी नजर पुढे पुढे जाते. पण मला थांबवले ते भिंतीवरच्या लेखांनी. अरबी लेख असणारच. त्याच्याबरोबर एक संस्कृत लेख आहे. त्यात फारुकी सुलतानांची वंशावळ आहे आणि काल विक्रम संवत् १६४६, शके १५११ असा आपल्या पंचांगाच्या पद्धतीने दिला आहे. म्हणजे इसवी सन १५९० चा आरंभ. मशिदीच्या भिंतीवर शकाचा आकडा वाचताना क्षणभर आपण कुठे आहो याचा विसर पडतो. त्याखेरीज अकबराने १६०१ साली अशीरगड घेतला त्या सुमाराचा एक फारसी लेखही आहे. तो ज्याने घडवला तो मीर मासूम सिंधमधल्या भक्करचा. सिंधचे नाव मला सिंधीपुऱ्याआधी इथे, या दगडावर, भेटले.

मग सिंधीपुरा. शहराचा कोट निजामुल्मुल्क आसफजहाने १७३१ साली बांधविला. सिंधीपुरा दरवाजा हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे; पत्ता विचारला की तिथपासून सांगतात. पुढे गल्ल्या अरुंद होत जातात आणि मागांचा आवाज सुरू होतो. बऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. इथले कापड इराण, तुर्कस्तान, इजिप्त आणि पोलंडपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले आहे. आता यंत्रमाग आहेत. मी सवयीने त्यांची मात्रा मोजू लागलो. एका घरातला माग दादऱ्यात चालला आहे असे वाटावे तो शेजारचा त्यात आडवा शिरे, आणि पाचव्या घरापर्यंत समेचा पत्ता नसे. या गल्लीत राहणाऱ्या मुलाला तालाचे भय कधीच वाटणार नाही, किंवा तो जन्मभर बेताला राहील. मधला मार्ग नाही.

ही वस्ती कशी झाली ते थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंधवर अर्घुनांचे राज्य आले. त्यात १५४० नंतर शेरशहापुढून पळालेला हुमायून सिंधमध्ये दोन-तीन वर्षे भटकत राहिला, आणि त्याला दाणापाणी मिळू नये म्हणून अर्घुनांनी आपलाच मुलूख उजाड केला. घडी विस्कटली. पाट नावाच्या गावातली विद्वान आणि फकीर घराणी बाहेर पडली. त्यांत शेख ताहिर हे हदीसचे मोठे पंडित होते आणि त्यांचे भाऊ कासिम. ही मंडळी गुजरातेवरून वऱ्हाडात, एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास आली. ईसांचा जन्म तिथला. म्हणजे आमचे सिंधी ईसा जन्माने वऱ्हाडीच! पुढे अहमदनगरच्या निजामशहाने १५७४ साली वऱ्हाडची इमादशाही बुडवली, आणि तिथेही राहण्यात अर्थ उरला नाही. फारुकींच्या बऱ्हाणपुरात त्यांना आसरा मिळाला. जिथे उतरली तो सिंधीपुरा. दोन राज्ये बुडताना पाहून आलेल्या माणसांनी तिसऱ्या राज्यात घरे बांधली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तेही अकबराने घेतले. घरे मात्र टिकली.

ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ उन्हाला बसले होते. मी ईसांच्या दर्ग्याची वाट विचारली. कुठले, काय करता, अशी चौकशी झाली. ग्वाल्हेरचा, गाणे शिकवतो म्हटल्यावर ते सरकून बसले.

“घौसबाबांच्या गावचे? मग बसा मास्तर. वाट कुठं जात नाही.”

चहा आला. मी अण्णांची ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, आणि मी ‘बुरहान’ म्हणताच म्हणाले, “बरोबर. हीच रीत. आधी ग्वाल्हेर, मग इथं.” मी विचारले, इथे सिंधी कोणी बोलते का? ते हसले. “चारशे वर्षांत कोण बोलणार? आम्ही सुताची भाषा बोलतो. सिंधी बोलणारे तिकडे सिंधी बस्तीत. ते फाळणीनंतर आले.” थोडे थांबून म्हणाले, “ते आले तेव्हा माझे वालिद म्हणाले होते, पुन्हा आले रे सिंधवाले. आमच्यासारखेच, हातात काही नाही.”

हे वाक्य मी मुद्दाम टिपून घेतले. कोणासाठी ते वाचकांच्या लक्षात आले असेल.

दर्ग्याचे वर्णन मी करीत बसत नाही. चुना, जाळी, हिरवी चादर, उदबत्तीचा वास, बाहेर चपला. प्रवासी इकडे फारसे फिरकत नाहीत. बऱ्हाणपुरास येणारा मुमताजमहालाच्या मागावर येतो. शेख ईसांनी कुराणावर भाष्य लिहिले आणि शिष्य घडवले. देखणी इमारत मागे ठेवणे हा त्यांचा उद्योग नव्हता. त्यांच्या शिष्याची, शेख बुरहानांची, एक कथा इतिहासग्रंथांतून आली आहे. १६५८ साली औरंगजेब गादीच्या लढाईसाठी बऱ्हाणपुरातून उत्तरेकडे निघाला तेव्हा या फकिराचा आशीर्वाद घ्यायला गेला. बुरहान राजेलोकांना भेटत नसत, म्हणून शहजाद्याला वेष पालटून जावे लागले म्हणे. आशीर्वाद मिळाला की टाळला गेला, यावर सांगणाऱ्यांत मतभेद आहेत. मला त्यातला वेष पालटण्याचा भाग पुरेसा वाटतो. दरबारात चाकरी केलेल्या बापाचा मुलगा आहे मी. दरबार कोणाच्या दाराशी उभा राहतो हे पाहायला मला आवडते.

कबरीपुढे उभा राहिलो तेव्हा म्हणायला काही सुचले नाही. अण्णा असते तर त्यांनी हळू आवाजात मालकंसाचा एखादा आलाप घेतला असता. माझ्या हातून तेही झाले नाही. बाहेर मागांचा गलका होता आणि मला संकोच वाटला. वहीची ती ओळ खिशातून काढून मनात वाचली आणि उत्तरेकडे तोंड करून एक नमस्कार केला. अण्णांनी जिथून तोंड वळवले होते तिकडे.

आता थोडे माझ्या धंद्याचे. बऱ्हाणपूर म्हटले की गाणाऱ्यांना जे नाव आठवायला हवे ते पुंडरीक विठ्ठलाचे. मूळचा कर्नाटकातला हा पंडित फारुकी घराण्यातल्या बुरहानखानाच्या (हा तिसरा बुरहान, या गावात त्यांना तोटा नाही!) आश्रयास आला आणि त्याच्यासाठी ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. खानदेश मोगलांकडे जाण्यापूर्वीची ही गोष्ट. दक्षिणेची मेळपद्धती मनात पक्की घेऊन आलेल्या या माणसाने उत्तरेकडे गायले जाणारे राग ऐकले आणि त्यांची मेळांत व्यवस्था लावण्याचा उद्योग मांडला. वीणेच्या पडद्यांवर स्वर कुठे बसवावे याचीही त्याने चर्चा केली आहे. पुढे तो कछवाह राजांकडे गेला, १५७६ साली ‘रागमाला’ लिहिली, आणि अकबरासाठी ‘नर्तननिर्णय’. पंडित भातखंड्यांनी हा ‘सद्रागचंद्रोदय’ शोधून छापविला, आणि थाटांची मांडणी करताना पुंडरीकासारख्या पूर्वसूरींचा आधार घेतला. १९१८ साली माधवराव महाराजांनी ग्वाल्हेरात संगीत विद्यालय काढले ते भातखंड्यांच्याच पद्धतीवर. तेव्हा आपल्या मुलांनी ‘काफी थाट, कोमल ग, कोमल नी’ असे घोकावे याची एक मुळी तापीकाठी आहे. सिंधमधून फकीर येत होते त्याच सुमारास कर्नाटकातून शास्त्री येत होता, आणि दोघांनाही एकच राजघराणे जागा देत होते. बारा वर्षे मुलांना खोटे धृपदिये पाठ करायला लावण्याऐवजी मी हे शिकवायला हवे होते.

गाण्याची दुसरी गोष्ट पैलतीरावरची, जैनाबादची. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तिथल्या आहूखान्याच्या बागेत त्याने हिराबाई नावाच्या गायिकेला पाहिले. ती त्याच्या मावशीच्या यजमानांच्या पदरची. तिने उडी मारून फांदीवरचे फळ तोडले आणि शहजाद्याचे भान गेले, अशी हकीकत ‘मासिर-उल-उमरा’त आहे. तिने एकदा मद्याचा पेला पुढे करून त्याची परीक्षा घेतली. तो ओठांशी नेऊ लागताच काढून घेतला. ती लवकरच वारली. इतिहासात ती ‘जैनाबादी’ म्हणून राहिली, गावाच्या नावाने. तिचे गाणे कसे होते याविषयी कोणी एक अक्षर लिहिलेले नाही. फळ तोडल्याचे मात्र सगळ्यांनी लिहिले. याच आहूखान्यात १६३१ च्या जूनपासून डिसेंबरापर्यंत मुमताजमहालाचा देह ठेवला होता, मग आग्र्यास नेला. तिथे जे उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे.

कुंडी भंडाराही पाहून घेतला. लोक त्याला खुनी भंडारा म्हणतात. अब्दुर्रहीम खानखानान, आपले दोहेवाले रहीम, बऱ्हाणपुरास दीर्घकाळ होते. त्यांच्या कारकीर्दीत, १६१५ साली, हे काम झाले. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भुयारी कालव्याने शहराकडे आणायचे, आणि वाटेत अंतराअंतरावर हवा-उजेडासाठी उभ्या विहिरी खणायच्या. त्या शंभराच्या वर कुंड्या. ना रहाट, ना मोट, नुसता उतार. एका कुंडीच्या तोंडाशी कान लावला तर खालून ठिबकण्याचा आवाज येत होता, मंद्रातला, अगदी सुरात. २०२४ साली हे काम युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. फार चांगले झाले. शहरात फिरताना मात्र मनात आले की, पाणी आणणाऱ्याचे नाव यादीत जाते. माणसे आणून वसवणाऱ्या गल्लीचे जात नाही.

परतताना बाजारात अण्णांच्या पगडीचा जरीकाठ दाखवला. पगडी बरोबर नेली होती. बऱ्हाणपूरची जर एके काळी सगळीकडे जात असे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून ती जंत्रीच्या लहान लहान भोकांतून ओढीत केसासारखी तार काढायची, मग ती चपटी करून रेशमावर गुंडाळायची, तो कलाबतू. तंबोऱ्याची तारही अशीच ओढून निघते, म्हणून या कामाविषयी मला जवळीक वाटते. दुकानदाराने काठ बोटांत चोळला, प्रकाशात धरला. “इकडचाच असेल,” म्हणाला, “पण आता असा करणारा मिळणं मुश्कील.” विकायचा का, असेही विचारले. पगडी पुन्हा कागदात गुंडाळली.

शिंदेशाहीच्या वाचकांसाठी एवढे सांगून टाकतो की, १७६० साली उदगीरच्या तहाने हे शहर निजामाकडून पेशव्यांना आणि पुढे शिंद्यांना मिळाले. १८०३ च्या ऑक्टोबरात स्टीव्हन्सनच्या फौजेने ते आणि अशीरगड घेतले. आणि १८६१ मध्ये ते शिंद्यांकडून कायमचे इंग्रजांकडे गेले. म्हणजे सिंधीपुरा दीर्घकाळ आपल्याच सरकारचा होता. अण्णा दक्षिणेकडे हात जोडीत ते परराज्याकडे नव्हते. त्याआधी, १६८१ च्या जानेवारीत, संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरची पेठ लुटली होती, हेही इथल्या लोकांना पाठ आहे. ओट्यावरच्या त्या गृहस्थांनी मी मराठा मुलखाचा म्हटल्यावर ते आठवणीने सांगितले, आणि मग आणखी एक कप चहा मागवला.

ग्वाल्हेरीस परतल्यावर जुने टिपण फाडले आणि नवे लिहिले, दोन पानांचे. तीन चुका तीन क्रमांकांनी मांडल्या आणि त्या कोणाच्या तेही लिहिले. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना प्रत धाडली. पैकी दोघांचे उत्तर आले. एकाने लिहिले की ते आपण कधी वाचलेच नव्हते.

त्या मुलीला मात्र वर्गात सगळ्यांसमोर बोलावले आणि झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. कापलेले गुण परत मिळणारे नव्हते. तिने दोन्ही पाने उभ्याने वाचली. ‘पुन्हा आले रे सिंधवाले’ या ओळीवर ती थांबली, ओळ परत वाचली, आणि मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला. आजोबांना दाखवते म्हणाली. मग पान उलटून म्हणाली,

“सर, घौस झाले, ईसा झाले, बुरहान झाले. लष्कर महंमदांच्या कबरीवर गेला होता का?”

मी नाही म्हटले. गाडीची वेळ झाली होती.

“मग ते राहिलंच की,” ती म्हणाली, आणि तंबोरा लावायला बसली.